चिंधूशेठचा कोरडा हात

आमच्या चिंधूशेठच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला दोरी बांधलेली असायची. हे सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, काही नवस असेल, नाहीतर वाताचा आजार. नवस नव्हता, आणि शेठ चांगला ठणठणीत होता. दोरीचं दुसरं टोक कडुनिंबाच्या फांदीला टांगलेल्या झोळीला बांधलेलं असायचं आणि झोळीत कुणाचं तरी लेकरू झोपलेलं असायचं. अमरावतीच्या कापूसबाजारात ज्याला सगळे ओळखत, असा हा पंचावन्न वर्षांचा धिप्पाड, मिशाळ व्यापारी ओट्यावर बसून पाय हलवत हलवत सौदे करायचा.

झोळी कशी हलते आहे यावरून सौदा कुठवर आलाय ते कळायचं. दलालानं भाव पाडला की शेठचा पाय थांबायचा. पाय थांबला की लेकरू कुरकुरायचं. मग शेठ दलालाकडे असं बघायचा की जणू त्यानंच लेकराला चिमटा काढला आहे. "बगा, उठवलं नं तुमी त्याले!" दलाल ओशाळायचा, भाव थोडा चढवायचा, आणि पाय पुन्हा सुरू व्हायचा. शेजारच्या आवारातले व्यापारी भिंतीवरून डोकावून आधी झोळी बघत. शेठ हे सगळं मुद्दाम करतो की काय, असा मला पहिले काही महिने दाट संशय होता.

मी मूळचा वाईचा. पुण्याच्या शाळेत इंग्रजीची चार बुकं कशीबशी संपवली होती आणि त्याचा मला भलताच ताठा होता. त्या वेळी तिकडे अमेरिकेत भाऊबंदकी पेटली होती. तिथला कापूस विलायतेला पोचेना आणि विलायतेच्या गिरण्या आमच्या वऱ्हाडाकडे तोंड वासून बसल्या. वऱ्हाडात म्हणे बैलांच्या शिंगांना चांदी लावतात, असं कुणीतरी सांगितलं आणि मी निघालो. चांदी लावलेली शिंगं मला दोनदाच दिसली. पण मुंबईच्या पेढ्यांना पत्रं लिहायला इंग्रजी येणारा माणूस हवा, असं कळल्यावर मी चिंधूशेठच्या आवारात येऊन उभा राहिलो.

"जेवले काय?" शेठनं विचारलं. त्याची माझी ही पहिली भेट.

"मी कामासाठी आलोय."

"ते तं दिसूनच राहिलं. जेवले काय?"

"आधी पगाराचं बोलून घेऊ, मग—"

"उपाशी मानसासंगं मी काई ठरवत नाई. सारजे, पंताईले शिधा दे. अन् तीन दगडं मांडून दे, आपल्या हातचं खानार नाईत ते."

मग मी त्या आवारात, निंबाखाली, तिथं कापसाच्या कामाला असलेल्या चाळीस बायकांच्या देखत स्वयंपाक केला. माझा भात खाली करपला आणि वर कच्चा राहिला. सारजा नावाची एक काळीसावळी, दणकट बाई कमरेवर हात ठेवून शेवटपर्यंत बघत होती. "लग्न करून घ्या, पंत," एवढंच ती म्हणाली, आणि चाळीसच्या चाळीस हसल्या. जेवून आलो तेव्हा मला धीर आला होता. वाटेत ठरवला होता त्यापेक्षा जास्त पगार मी मागून बसलो.

शेठ खूश झाला. "हे पहा! उपाशी असते तं कमी मांगतले असते, अन् मंग सालभर कुरकुर केली असती. त्यात तोटा कोनाचा? माहा. हा धंदा हाय, पंत."

"हा धंदा हाय" हे त्याचं पालुपद होतं. काहीही चांगलं केलं की लगेच तो हे म्हणायचा, जसं काही कुणी त्याला चोरी करताना पकडलं आहे.

तेल्हाऱ्याहून, पातूरहून कापसाच्या गाड्या चार-चार दिवस वाट तुडवत यायच्या. बाजाराची रीत अशी की गाडीवाला धुळीनं माखलेला, तहानलेला असतानाच त्याचा माल काट्यावर चढवायचा. दमलेला माणूस हुज्जत घालत नाही, असेल तो भाव घेतो आणि सुटतो. आमच्याकडे उलटं. आधी बैलांना पाणी, मग माणसाला भाकर, वरण आणि मिरचीचा ठेचा, मग निंबाखाली घटकाभर झोप, आणि उठल्यावर काटा. काट्यावर इमामभाई असत, बाळापूरचे. शेठच्या खालोखाल आवारात त्यांचाच मान. ते दाढी खाजवत म्हणायचे, "शेठ, ये लोग खाके ताजे होतेत और हमारेसेच झगडतेत!"

"झगडू द्या, इमामभाई. झगडून गेलेला मानूस पुढच्या साली पुन्ना येते. फसून गेलेला येत नाई. धंदा हाय."

आणि खरंच येत. एकाच गावच्या दहा-दहा गाड्या दुसऱ्यांची आवारं ओलांडून आमच्या दाराशी उभ्या राहत. हे मला समजायला वेळ लागला. मी मुंबईला लिहायच्या पत्रांत शेठची ही तऱ्हा लपवत होतो. आपला मालक वेडा आहे हे पेढीला कळू नये, एवढीच माझी इच्छा होती.

आवारात चाळीस रेचे होते. रेचा म्हणजे दोन लाकडी लाटण्यांचं हातयंत्र. बाई बसून दांडा फिरवते, लाटण्यांमधून पांढरी रुई पुढे निघते आणि सरकी मागं पडते. दिवसभर चाळीस रेच्यांची करकर चालायची. लेकुरवाळ्या बायका दुसऱ्या आवारांत आपली पोरं कापसाच्या ढिगावर निजवत, नाहीतर अफूची बारीक गोळी चाटवून घरी ठेवून येत. आमच्या आवारात दोन्हीला सक्त मनाई होती. लेकरू झोळीत, आणि झोळीची दोरी शेठच्या पायाला. हंगामात एकेका वेळी तीन-तीन झोळ्या असायच्या. मग शेठ उजव्या पायाला दोन आणि डाव्याला एक अशी वाटणी करायचा, आणि उठायचं झालं की त्याला आधी सोडवावं लागायचं.

मी एकदा न राहवून विचारलं, "शेठ, एखादी म्हातारी ठेवा की झोळ्यांना."

"लेकरू रडलं का माय उठते. माय उठली का रेचा थांबते. म्हातारीले डुलकी लागन. माह्या पायाले डुलकी लागत नाई."

"पण तुमच्यासारख्या माणसानं—"

"हा धंदा हाय, पंत."

कुणा बाईला ताप आला की तो तिला जोंधळे देऊन घरी पाठवायचा. कारण काय, तर तापलेल्या हाताचा घाम रुईला लागतो. पोटुशी असेल तिला रेचा बंद आणि सावलीत बसून सरकी निवडायचं काम. कारण, अवघडलेली बाई जोर लावते आणि लाटणं मोडते. लाटणं मोडलेलं मी एकदाही पाहिलं नाही. पण शेठचं कारण तयार असायचं, आणि ते ऐकताना बायका पदराआड हसायच्या. आपण किती हिशेबी आहोत याची खात्री त्या आवारात फक्त एकाच माणसाला होती.

आता त्याचं खरं वेड सांगतो. ते होतं कोरडेपणाचं. कापूस ओला केला की वजनात भरतो, आणि त्या तेजीच्या दिवसांत सगळी अमरावती कापसावर पाणी मारत होती. गुपचूपही नव्हे, चांगल्या घागरी भरून. तसा ओला माल गाठीत दाबला की आत तापतो, पिवळा पडतो, कुजतो. विलायतेला पोचेपर्यंत त्याचं खत व्हायचं आणि तिथले गिरणीवाले वऱ्हाडाच्या नावानं खडे फोडायचे. भेसळ करणाऱ्याला सजा होणार, असे सरकारी हुकूम निघाल्याचंही कानावर येत होतं. तरी पाणी काही थांबलं नव्हतं.

चिंधूशेठच्या आवारात पाण्याचा रांजण पार एका टोकाला, कापूस दुसऱ्या टोकाला. मधल्या जागेतून कुणी घागर घेऊन गेलं की तो ओट्यावरून ओरडायचा. मोठी सर येणार असं वाटलं की स्वतः धावत जाऊन ताडपत्री ओढायचा, आणि त्या धावपळीत एकदा पायातली दोरी सोडायची राहिली, तर इमामभाईंनी वेळेवर झोळी धरली म्हणून बरं. रुई कोरडी आहे का हे तो हातानं बघायचा नाही, गालाला लावून बघायचा. त्यामुळे संध्याकाळपर्यंत त्याच्या मिशांत आणि कल्ल्यांत एवढी रुई अडकलेली असायची की नवीन आलेले गाडीवाले त्याला फार म्हातारा समजून पाया पडायचे.

गाठ बांधून झाली की तिच्यावर छाप. छाप म्हणजे शेठचा स्वतःचा पंजा, गेरूत बुडवून उठवलेला. बाजारात त्याला 'कोरडा हात' म्हणत. ज्या गाठीवर हा पंजा तिच्यात थेंबभर पाणी नाही. दुसऱ्या कुणी पंजा उमटवलेला त्याला चालायचा नाही. त्याचा उजवा तळहात बारा महिने नव्या नवरीसारखा लाल असायचा, आणि कुणी त्यावरून चेष्टा केली की तो हात वर करून दाखवायचा. एवढी एकच गोष्ट अशी होती की तिचा त्याला उघडउघड गर्व होता.

बाजार मात्र हसायचा. आमच्या गाठी शेजारच्यांपेक्षा हलक्या भरायच्या. शेजारचा व्यापारी भिंतीवरून विचारायचा, "काहो चिंधूशेठ, औंदा कापूस भरता का वारा?" शेठ हसण्यावारी न्यायचा. बायकांना ते लागायचं. मला ते दिसत होतं, पण त्या लागण्याचं पुढं काय होईल हे माझ्या ध्यानात आलं नाही.

मग एका फाल्गुनात बातमी आली की अमेरिकेतली लढाई मिटायला आली आहे. मिटली की तिकडचा कापूस पुन्हा सुटणार, आणि आमच्या कापसाला कोण विचारतंय! आठवडाभरात दलाल दिसेनासे झाले. दोन आवारांना टाळी लागली. आमच्याकडे शंभर गाठी बांधून पडल्या होत्या, सगळ्यांवर लाल पंजा. अकोल्यात मुंबईच्या एका पेढीचा गोरा साहेब उतरला होता आणि तो चांगल्या छापांची यादी करत होता. ज्यांचा माल खात्रीचा त्यांचाच पुढे घ्यायचा, बाकीचे बंद. आमचा पंजा त्या यादीत चढला तर आवार तरतं, नाहीतर चाळीस रेचे थांबतात. बायकांनी जायचं कुठं, तर त्याच आवारांत, जिथं लेकरं कापसाच्या ढिगावर निजवतात.

शेठ जेवेनासा झाला. गाडीवाल्यांना आग्रह करकरून वाढायचा आणि स्वतः पाण्याचा तांब्या तोंडाला लावून उठायचा. तीन दिवस बायकांनी पाहिलं. चौथ्या दिवशी सारजानं भाकर त्याच्या पुढ्यात आपटली. "खाता का मी खाऊ घालू?" त्यानं चतकोर खाल्ली आणि उरलेली कुत्र्याला घातली.

साहेबाला घेऊन येण्यासाठी शेठ आणि मी बैलांच्या दमणीतून अकोल्याला गेलो. इमामभाई भाचीच्या लग्नाला बाळापूरला गेले होते, म्हणून आवार सारजावर सोपवलं. जायला तीन दिवस, तिथं दोन, यायला तीन. साहेब मनानं वाईट नव्हता. उन्हानं गुंजेसारखा लाल झाला होता, पण कापसातला जाणकार होता. वाटेत त्यानं मला विचारलं, तुझ्या शेठच्या नावाचा अर्थ काय. मी इंग्रजीत सांगितलं, फाटकं फडकं. साहेबाला वाटलं मी शिवी देतोय. मग मी शेठलाच विचारलं आणि त्यानं स्वतः सांगितलं.

"मायच्या पोटचं एकही जगे ना. मंग मायनं माहं नाव चिंधी ठेवलं, का देवाले वाटावं, हे फडकं हाय, हे नेऊन काय करू? देवानं आयकलं. चिंधी ठेवली, अन् बाकी सगयं नेलं. मायबी नेली."

मी त्याचं भाषांतर केलं. साहेबानं वही काढली आणि शेठचं नाव नीट लिहून घेतलं. शेठ मात्र हे सांगून मोकळा झाला आणि बैलांना कुठं पाणी पाजायचं याचा विचार करू लागला. त्याच्या घरी कुणी नव्हतं हे मला माहीत होतं. त्याचं घर म्हणजे आवाराच्या कोपऱ्यातली एक खोली. पण असं का, हे मी इतक्या दिवसांत कधी विचारलं नव्हतं.

आम्ही दुपारी आवारात शिरलो. गाठींच्या रांगा, लाल पंजे, सगळं झाडून लख्ख. बायका रेच्यांवर बसल्या होत्या आणि आम्हाला पाहून त्यांचे चेहरे असे फुलले की मला वाटलं, यांनी आंघोळी करून ठेवणीतली लुगडी नेसली असावीत. साहेबानं खिशातून लोखंडी आकडा काढला, पहिल्या गाठीत खुपसला, बुचकाभर रुई ओढली आणि मुठीत दाबली. मग त्यानं मूठ उघडली आणि बोटं पाहिली. ती ओली होती.

दुसरी गाठ, तिसरी, दहावी. सगळ्या तशाच. शेठनं पुढं होऊन स्वतः गाठीत हात घातला, रुई काढली आणि गालाला लावली. मी एवढे दिवस त्या माणसाला पाहिलं होतं, पण त्याचा चेहरा असा पडलेला कधी पाहिला नव्हता.

त्यानं मान वर केली. रेच्यांची करकर थांबली होती. बायकांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, हे मला आजही आठवतं. त्या शाबासकीची वाट बघत होत्या. सारजा तर पाय रोवून, छाती काढून उभी होती. मग साहेबाचा चेहरा पाहून एकेकीचं हसू मावळत गेलं, आणि सारजानं पदराचा बोळा तोंडात धरला. शेठनं हे सगळं पाहिलं. मला वाटतं, त्याच क्षणी त्याला सगळं कळलं. मला कळायला आणखी घटकाभर लागली.

साहेब मला म्हणाला, "विचार तुझ्या शेठला, हे कुणी केलं? तो स्वतः करणार नाही, हे मी मुंबईपासून ऐकत आलोय. नाव सांगू दे. त्या माणसाला फौजदाराच्या हवाली करतो, आणि या गाठी वाळवून दिल्या तर याचा छाप यादीत ठेवतो."

मी शब्द न् शब्द शेठला सांगितला. मनात मी म्हणत होतो, सुटलो. एक नाव सांगायचं, आणि आवार वाचतं. एकोणचाळीस बायकांचं भलं एकीच्या बदल्यात. पुण्याच्या शाळेत शिकलेला माणूस असाच विचार करतो.

शेठ म्हणाला, "त्याईले सांगा, पानी म्या मारलं."

"शेठ!"

"सांगा, पंत. तुमाले पगार कशाचा भेटते?"

मी सांगितलं. साहेबानं भुवया वर केल्या. "कधी मारलं?"

"निंगायच्या पयले."

"म्हणजे आठ दिवसांपूर्वी?" साहेबानं ओली बोटं शेठपुढे धरली. "या उन्हात आठ दिवस? हे पाणी कालचं आहे. आणि काल हा माझ्या शेजारी दमणीत बसून घोरत होता."

मी हेही शेठला सांगितलं. शेठ पेचात पडला. खोटं बोलायची त्याला सवयच नव्हती, त्यामुळे पुढचं खोटं त्याला सुचेना. त्यानं मिशीतली रुई काढली, पुन्हा लावली, आणि शेवटी म्हणाला, "लई पानी मारलं होतं."

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं. असं माझं आयुष्यात दुसऱ्यांदा झालेलं नाही. मी त्या माणसासमोर किती लहान आहे हे मला तिथं, त्या उन्हात, साहेबाच्या देखत कळलं. मी ते वाक्य इंग्रजीत केलं, जितकं गंभीरपणे करता आलं तितकं.

साहेबानं त्याच्याकडे पाहिलं, मग रेच्यांकडे, मग निंबाला टांगलेल्या दोन झोळ्यांकडे. वही काढून त्यानं एक नाव खोडलं. फौजदाराचं नाव मात्र त्यानं पुन्हा काढलं नाही. दमणीत चढताना मला म्हणाला, "तुझ्या शेठला सांग, त्यानं वाटेल तो धंदा करावा, खोटं बोलायचा करू नये. त्यात त्याचं दिवाळं निघेल."

दमणी वळली तशी सारजा पुढं आली. तिचा आवाज खणखणीत होता.

"शेठ, आमी मारलं. सगयाईनं मिळून. काल दिसभर, पंजे पुसू नाई म्हनून मांगून."

"काहून?" शेठ ओरडला. "काहून मारलं? या आवारात पान्याची घागर आनू देत नाई मी, अन् तुमी—"

"तुमाले धंद्यातलं काई समजत नाई म्हनून!" सारजाही ओरडली. "आमी त्या पलीकडच्या आवारात बारा वर्सं पानी मारलं. सगये मारते. तुमालेच कोनी सांगतलं नवतं. तुमच्या गाठी हलक्या भरते, लोकं तुमाले हासते. तुमी जेवून नाई राहिले. आमी म्हनलं, शेठ गावाले गेले हायेत, तवर आपुनच भरून ठेवू. साहेब आला का गाठी जड भरतीन, शेठ दोन घास खातीन." आणि मग तिचा आवाज एकदम खाली गेला. "आमाले काय ठाऊक, साहेब ओलं पाहते म्हनून."

रांजणाशी एक कावळा पाणी पीत होता, त्याला हाकलायचंही कुणाला सुचलं नाही. शेठ म्हणाला, "गाठी फोडा. चादरी अंथरा. ऊन हाय तवर वायवून घ्या." आणि गाठींच्या मागे निघून गेला.

पुढं काय झालं ते आत्ताच सांगतो. आठ दिवस त्या बायकांनी चैत्राच्या उन्हात सगळी रुई हातानं परतून परतून वाळवली. माल एका साध्या दलालानं पडत्या भावानं नेला. 'कोरडा हात' पुन्हा कुठल्या यादीत चढला नाही. शेठनं सगळे पंजे स्वतः खरवडून काढले आणि त्यानंतर गेरूला हात लावला नाही. काम अर्ध्यावर आलं, तेव्हा त्यानं चाळीस जणींना दिवसाआड बसवलं, पण कुणाला घरी पाठवलं नाही. लग्नाहून परत आलेल्या इमामभाईंनी सगळं ऐकून काट्यावरच डोकं ठेवलं आणि म्हणाले, "या अल्ला! आठ रोज क्या गया, तुमने तो नदी बहा दी!" आवार तरलं. कसं तरलं ते मला नीट सांगता येणार नाही, पण तेल्हाऱ्याच्या गाड्या छाप बघून येत नव्हत्या, हे एक कारण असेल.

मला सांगायचं आहे ते त्याच दुपारचं. बराच वेळ शेठ दिसेना, म्हणून मी गाठींच्या मागं गेलो. तो भिंतीला टेकून खाली बसला होता, पगडी काढून मांडीवर ठेवलेली, आणि लहान मुलासारखा हमसून हमसून रडत होता. मला कानकोंडं झालं. एवढी वर्षं जपलेलं नाव एका दुपारी गेलं, माणूस रडणारच. मी शेजारी बसलो आणि जे सुचेल ते बोललो. म्हटलं, शेठ, मी मुंबईला पत्र लिहितो, चांगलं चार पानी, साहेब ऐकेल, छाप पुन्हा मिळेल.

"छाप गेली खड्ड्यात," शेठ म्हणाला. त्यानं धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं. "पंत, माही माय पाटलाच्या वावरातून माह्यासाठी हरबरा चोरे. वटीत लपवून आने. एक डाव तिले लई मारलं त्याईनं, तरीबी चोरे. मी सात वर्साचा होतो, तवा ती गेली. तवापासून मी समद्याईले देतो. मले कोनी काई देत नाई असं नाई, मान देते, रामराम करते. पन माह्यासाठी कोनी चोरी केली नाई, लबाडी केली नाई. मायनंतर या बायाच पयल्या."

गाठींच्या पलीकडे बायका चादरी झटकत होत्या, सारजा कुणाला तरी रागावत होती. शेठ कान देऊन ते ऐकत होता. मग त्यानं पगडी डोक्यावर ठेवली, माझा हात धरून उठला, दोन पावलं गेला आणि परत माझ्याकडे वळला.

"अन् पंत, हे त्या बायाईले सांगू नका," तो हळूच म्हणाला. "नाई तं दर साली पानी मारतीन."